दुपारनंतरच्या पेट्या

१

चारुतानं पेटीचं झाकण उचललं, वरचा पेंढा बाजूला सारला आणि मागे सरली.

वेरोनिका टीचरनी चष्मा नाकावर नीट बसवून आत पाहिलं. हापूसची एका मापाची फळं, सगळी देठं एका अंगाला करून बसवलेली. भरणाऱ्या हाताला कामाची रीत होती, हे उघड दिसत होतं. पण एकही फळ धड नव्हतं. सालीवर काळपट डाग पडले होते. कुठे ठिपके, कुठे लांबट पट्टे.

"परवा संध्याकाळी मी स्वतः पाहिली होती ही फळं," चारुता म्हणाली. "डाग नावाला नव्हता. काल सकाळी मुंबईच्या गाडीत चढवायच्या आधी एक पेटी उघडली, तर ही अशी. शेजारची उघडली, तीही तशीच. सियाच्या पेट्या."

"तिच्या सगळ्या पेट्या उघडल्यास?"

"सगळ्या कशाला उघडू, टीचर? वरच्या दोन-चार पाहिल्या आणि ढीग बाजूला काढायला सांगितला. आता त्या ढिगाला हात लावायला कोणी तयार नाही."

देवगडच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, चारुताची आंबे भरायची शेड होती. एप्रिल भरात होता. बागांतून क्रेट येत होते, बायका फळ निवडून, पुसून पेटीत लावत होत्या. निदान परवापर्यंत लावत होत्या. कालपासून त्या बाहेर मांडवात बसून होत्या आणि शेडीत क्रेट तसेच थांबले होते.

सिया या हंगामात नवी लागलेली. तिला टीचरनीच सातवीत विज्ञान शिकवलं होतं. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं आणि ती मुलग्यांच्या रांगेत उभी राहायची. ते नाव टीचरांच्या तोंडी आता चुकूनही येत नसे. चारुताही त्यांचीच विद्यार्थिनी, सियाच्या कितीतरी आधीची. सियाला कामावर घ्यायचं ठरलं तेव्हा ती टीचरांकडे आली होती. कायद्याप्रमाणे अशा माणसाची कामावरची तक्रार ऐकायला कोणीतरी नेमावं लागतं, तुमचं नाव लिहू का, नावापुरतंच आहे, असं म्हणाली होती. टीचरनी हो म्हटलं. मात्र उभ्या नोकरीत त्यांनी नावापुरतं असं काही केलं नव्हतं.

"बायका काय म्हणतात?"

चारुता उत्तर देणार तोच मांडवातून सीता उठून दारात आली. शेडीतली सगळ्यांत जुनी बाई. पदर कमरेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"मी सांगतंय टीचर, तिका कित्या विचारतात? तिचो हात लागलो की फळ काळा पडता. आता एकतर ती हय ऱ्हवात, नायतर आमी."

"सीताबाई, हाताने फळ काळं पडतं असं मी पुस्तकात कुठे वाचलं नाही."

"पुस्तकात नसात. तुमी तिचो हात बघा आधी."

टीचरनी कोपऱ्याकडे पाहिलं. सिया तिथे क्रेटवर बसली होती, उजवा हात ओढणीत गुंडाळून. टीचर जवळ गेल्या तशी तिनं मान खाली घातली आणि ओढणी सोडली. बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत, लाल-काळे फोड आले होते.

२

टीचरनी सियाला चारुताच्या ऑफिसात नेलं आणि दार लावून घेतलं. चारुतानं जाताना हळूच सांगितलं होतं, "उद्या सकाळपर्यंत थांबते, टीचर. बायका गेल्या तर माझा हंगाम गेला. उद्या सकाळी काही कळलं नाही, तर मी हिला घरी पाठवणार. मी माणुसकी म्हणून घेतलं होतं, हे विसरू नका."

घरी पाठवणं म्हणजे काय, हे टीचर ओळखून होत्या. विजयदुर्गापासून आरोंद्यापर्यंत आंब्याचा धंदा एकमेकांच्या शब्दावर चालतो. 'तिचा हात लागला की फळ काळं पडतं' हे वाक्य एकदा शेडीबाहेर पडलं, की सियाला परत कोणी फळाला हात लावू देणार नाही. मासळीत नाही, हॉटेलात नाही, कुठेच नाही.

"दुखता?"

"आग होता." सिया आवाज वर न करता बोलली. "टीचर, माका रोग नाय. डॉक्टरकडे गेललंय. तो मलम देवन गप ऱ्हवलो."

"परवा काय काय केलंस? सकाळपासून सांग. घाई नाही मला."

सियानं सांगितलं. सकाळी आली, फळं निवडली, पुसली, भरली. दुपारची सुट्टी झाली. परत आली, पुन्हा पुसली, भरली. संध्याकाळी घरी गेली. रात्री हात चुरचुरायला लागला.

"पुसायचं फडकं प्रत्येकीचं आपापलं?"

"नाय. बायकांचे फडके सांजवेळी एकाच टबात धुतत, एकाच दोरयेर सुकत घालतत. सकाळी ज्येका जो गावात तो. माझो वेगळो."

"कोणी सांगितलं वेगळा?"

"सांगूक कोणी नाय. पयल्याच दिवशी माझो फडको टबातसून काढून बाहेर टाकलेलो. मगे गुरुप्रसाददादान मागच्या पडवीत खिळो मारून दिल्यान. बोललो, वाद नको, तुझो हय ठेव."

"परवा त्या फडक्यात काही वेगळं जाणवलं?"

"दुपारी ओलो वाटलो."

"मग?"

"मगे काय? एकदा तेच्यावर कोण थुकललो. एकदा मातयेत लोळवललो. मी दर वेळी इचारीत बसलंय तर आंबे कधी भरतलंय? पुसलंय नि कामाक लागलंय."

"वास?"

"हय सगळ्याकच चिकाचो वास."

ते खरंच होतं. आंब्याचा देठ मोडला की जो चीक उडतो, त्याचा उग्र वास शेडीच्या भिंतींनाही होता.

"आणि दुपारच्या सुट्टीत तू कुठे होतीस? सीताबाई म्हणतात, तू डबा खायला कोणाबरोबर बसत नाहीस. सुट्टी झाली की गायब होतेस आणि सगळ्यांच्या नंतर परत येतेस."

सियानं ओढणी पुन्हा हाताभोवती गुंडाळली. टीचरनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून पुढे सरकवलं. तिनं पेला हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला.

"खंय जातंस, बाय?"

"ता नाय सांगूचंय टीचर," ती म्हणाली. "तुमी माका काढलास तरी नाय सांगूचंय."

३

सीता पंचायत करायला बसावं तशी मांडी घालून बसली.

"तिच्या फडक्याला परवा कोणी हात लावला का?"

"कोण लावतला? मी तर काठयेनसुदिक लावचंय नाय. नि आमच्यातली कोण लावीत तर तिका मी टबाकडे येवक देवचंय नाय."

"सगळ्या बायकांचं हेच म्हणणं?"

"विचारून बघा."

टीचरनी एकेकीला विचारलं. उत्तर एकच होतं, आणि देताना प्रत्येकीच्या चेहऱ्यावर जे आलं ते बनावट नव्हतं. किळसच होती ती. विज्ञान शिकवताना टीचर पोरांना सांगायच्या, उत्तर आवडलं नाही म्हणून खोटं ठरत नाही. त्यांनी ते मनात बाजूला ठेवून दिलं.

"आणि मागच्या पडवीत दुपारी कोण गेलं होतं?"

सीतेनं मान वेळावली. "जयराम थयसून येय होतो. मी डबो धुवत होतंय तेवा बघलंय. डोकी खाजयत येय होतो."

जयराम म्हणजे झाडावर चढून आंबे काढणारा गडी. क्रेट आणायचं आणि पेट्या चढवायचं कामही त्याचंच. जीभ सैल. सिया जवळून गेली की शीळ घालणारा पहिला तोच, असं चारुतानंच सांगितलं होतं. टीचरनी त्याला गाडीच्या सावलीत गाठलं.

"मी कित्या जातलंय मागे? थय काय ठेवला आसा?"

"सीताबाईंनी पाहिलं."

"सीताबाईचा काय ऐकतात, तिका सगळीकडे मीच दिसतंय. घोवाक सांगूक होया तिच्या." तो हसला, पण नजर टायरावर. "त्या हिरोईनीक विचारा, मेकअपात काय घालता ता. तेच लागला आसतला आंब्याक."

"जयराम, मी तुला काही चोरी केलीस असं म्हटलं नाही."

"मी काय चोरूक नाय," तो घाईनं म्हणाला. चोरीचा विषय कोणी काढलाच नव्हता, हे त्याच्या लक्षात यायच्या आत टीचर तिथून निघाल्या.

शेडीत पेट्यांच्या कामावर गुरुप्रसादची देखरेख असे. हाही त्यांचाच विद्यार्थी. अडचणीचा प्रश्न आला की हा मुलगा पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचा, हे त्यांना आठवत होतं.

"या टीचर, बसा. खुर्ची घ्या." त्यानं स्वतःसाठीही एक ओढली आणि तिच्या पाठीला धरून उभाच राहिला. जेवणाची वेळ होती. डबा उघडून त्यानं टीचरांच्या पुढ्यात धरला. "चपाती घ्या. ही कैरी बघा, कालच घरी मीठ-मोहरी लावली. अजून कुरकुरीत आहे."

टीचरनी एक फोड घेतली. आंबटढाण, करकरीत, रायवळ कैरी.

"छान आहे. सियाबद्दल तुझं काय मत?"

"माझी पहिल्यापासून काही हरकत नाही, टीचर. ज्याचं त्याचं आयुष्य. मी तिला कधी वाकडा शब्द बोललेलो नाही. उलट तिचं फडकं बायका टाकून द्यायच्या, तर मी तिला स्वतंत्र सोय करून दिली." त्यानं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकलं. "आता हाताला असं काही झालंय म्हटल्यावर मी तरी काय करणार? बायकांचीही बाजू आहे."

"बस ना. जेव."

"नाही, ठीक आहे. उभं राहून बरं वाटतं."

टीचर बाहेर आल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ज्यांनी उघड वैर धरलं त्यांनी फडक्याला हात लावलेला नव्हता. जो लावू शकला असता तो पडवीत गेलोच नाही म्हणत होता. आणि ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं, ती आपण कुठे होतो ते सांगायला तयार नव्हती. हिच्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? त्यांनी पदरानं मान पुसली आणि चारुताला हाक मारली.

"त्या ढिगातली प्रत्येक पेटी उघडायची आहे. आत्ता. कोणी नसेल तर मी आणि तू."

४

झाकणं निघत गेली. पहिली पेटी काळी. दुसरी काळी. चारुतानं 'बघा' अशा नजरेनं पाहिलं. टीचर पुढचं झाकण काढत राहिल्या. ढिगाच्या तळाशी गेल्यावर चारुताचे हात थांबले.

तळातल्या पेट्यांत फळं हिरवी-पिवळसर, लख्ख होती. डाग नव्हता.

"ह्यासुद्धा तिच्याच?"

"पेटीवर खडूची खूण तिचीच आहे," चारुता गोंधळून म्हणाली. "सकाळी भरल्या त्या खाली गेल्या. दुपारनंतरच्या वर."

"फळ एकाच बागेतलं?"

"एकाच गाडीतलं."

"पेंढा?"

"एकाच भाऱ्यातला."

"आणि हात एकाच मुलीचा." टीचर क्रेटवर टेकल्या. "चारुता, सातवीत तुम्हाला दोन कुंड्या दिल्या होत्या मी, आठवतं? एक उन्हात, एक कपाटात. माती तीच, बी तेच, पाणी तेवढंच. तेव्हा मी काय विचारत असे?"

"दोन्हींत काय सारखं नाही," चारुता म्हणाली. मग ती उठून उभी राहिली. "दुपारची सुट्टी."

"तिच्या हातात काही असतं तर सकाळची फळंही गेली असती. सुट्टीत काहीतरी बदललं. मला ते फडकं दाखव."

दोघी मागच्या पडवीत गेल्या. चिऱ्याची भिंत, पाण्याचा नळ, पलीकडे बायकांच्या फडक्यांची दोरी, शेजारी वाकलेलं रायवळ आंब्याचं झाड. भिंतीत खिळा होता. खिळ्यावर काही नव्हतं.

सियाला बोलावलं. ती म्हणाली, काल सकाळी आली तेव्हाच फडकं नव्हतं. तिला वाटलं, परत कोणी फेकलं.

"परवा संध्याकाळी धुतलं होतंस?"

"नाय. सांजवेळी नळार बायका असतत. मी सकाळी येवन धुतंय."

म्हणजे ते फडकं रात्रभर न धुतलेलं इथं होतं. आणि काल सकाळी डाग दिसले त्या सुमाराला कोणीतरी ते इथून नेलं होतं. ज्या फडक्याला या शेडीत कोणी काठीनंही शिवत नाही, ते एखाद्यानं हातानं उचलून नेलं, ते कशासाठी?

टीचर हळूहळू खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. फरशीवर खिळ्याच्या खाली काळे थेंब वाळले होते, आणि भिंतीच्या कडेला वाऱ्यानं सारलेले बारीक, हिरवट देठ पडले होते. हापूसचे नव्हेत.

५

सियाला त्यांनी तिथेच थांबवून घेतलं. चारुताला म्हणाल्या, "तू पण थांब. हे तुला कळायला हवं."

मग सियाकडे वळून विचारलं, "तू सकाळपासून पाणी प्यायली नाहीस. मघाशीही पेला तसाच ठेवलास. किती दिवस असं?"

सियानं मोकळ्या खिळ्यावर बोट फिरवलं.

"संडासाला आतून कडी लावून बसतात का, तू आलीस की?"

"पुरुषांच्याकडे जा म्हणतत," शेवटी ती म्हणाली. "थय गेलंय तर जयराम नि बाकीचे दाराक लाथो मारतत. म्हणान सुट्टीत मावशीकडे जातंय, खालच्या वाडीत. चढान येवक वेळ लागता."

चारुताचा चेहरा उतरला. "मला सांगायचं नाही का?"

"तुमी विचारूक नाय."

शेडीच्या पलीकडे बंदरात एक ट्रॉलर लागत होता, त्याचं इंजिन ऐकू येत होतं.

"म्हणजे रोज सुट्टीत ही खालच्या वाडीत," टीचर म्हणाल्या. "तेवढा वेळ हिचं फडकं एकटं. आणि हे ज्याला ठाऊक होतं त्याला हेही ठाऊक होतं, की परत आल्यावर ही काही विचारणार नाही."

त्यांनी चारुताला काठी आणायला लावली आणि झाडावरच्या दोन कैऱ्या पाडल्या. एक स्वच्छ, नवीन फडकं मागवलं. कैरीचा देठ मोडला तसा चीक चळकन उडाला, पाण्यासारखा नितळ. तो त्यांनी फडक्यावर टिपून घेतला.

"आता सकाळच्या पेटीतली चांगली फळं घे, हातात प्लास्टिकची पिशवी घाल आणि ह्या फडक्यानं तूच पूस."

"मी?"

"तुझ्या हाताबद्दल कोणाची तक्रार नाही."

चारुतानं फळं पुसली. पुसल्यावर ती आणखीच तुकतुकीत दिसायला लागली. टीचरनी ती एका पेटीत लावून घेतली. ऑफिसच्या कपाटात पेटी ठेवून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि मांडवात जाऊन सांगितलं, "उद्या सकाळी सगळ्यांनी या. काम करू नका हवं तर, पण या."

सीता म्हणाली, "तेव्हढ्यापेक्षा देवाक कौल लावया. तो सांगात कोणी केल्यान ता."

"उद्या मी सांगू शकले नाही तर लावा," टीचर म्हणाल्या. "तो मला रागावणार नाही."

जयराम हसला. गुरुप्रसाद मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तो हसला नाही.

६

सकाळी कपाट उघडलं. पेटी सगळ्यांच्या मधोमध ठेवली आणि टीचरनी सीतेलाच झाकण काढायला लावलं.

सीतेनं पेंढा सारला आणि हात मागे घेतला. फळांवर काळे पट्टे उठले होते, अगदी तसेच.

"ही फळं काल चारुतानं पुसली. सियानं नाही. सिया या पेटीजवळ आलेली नाही." टीचर शाळेत फळ्यासमोर उभ्या राहायच्या तशा उभ्या होत्या, घाई न करता. "कैरीचा चीक ताजा असताना दिसत नाही. लागला की साल हळूहळू भाजते, रात्र गेल्यावर काळी पडते. माणसाची कातडीही तशीच. तेरवा दुपारी सियाच्या फडक्यावर असाच चीक होता. तिनं फळं पुसली, फळं भाजली. तिचा हात भाजला. रोग नाही, शाप नाही."

बायकांत कुजबुज झाली.

"तिनं मुद्दाम केला आसतला," मागून कोणीतरी म्हणालं.

"स्वतःचा हात जाळून, स्वतःच्या पेट्या घालवून? बरं, समजा केलं. मग फडकं कुठे गेलं? तिला ते लपवायचं असतं तर धुवून टाकणं सोपं होतं. ते दुसऱ्यानं नेलं. ज्यानं परवा डाग पाहताक्षणी ओळखलं, की हे चिकाचे आहेत आणि चीक कुठून आला. तुमच्यापैकी कोणी त्या फडक्याला हात लावत नाही, हे मी मानते. मानायला वाईट वाटतं, पण मानते. म्हणजे ज्याला तिच्या वस्तूला शिवायची किळस नाही, असा कोणीतरी."

सगळ्यांच्या माना जयरामकडे वळल्या. तो एक पाऊल मागे गेला.

"जयराम, तू पडवीत गेला होतास. झाडावर?"

"मी नुसत्यो कैरयो पाडलंय." आता त्याचा आवाज पडला होता. "पाडून दिलंय नि इलंय. फडक्याबिडक्याचा माका काय ठावक नाय. मालकिणीच्या झाडाच्यो कैरयो, म्हणान कोणाक सांगू नको म्हटल्यान."

"कोण म्हणालं?"

जयराम पायाकडे बघत राहिला.

"सांगू नकोस," टीचर म्हणाल्या. "काल मी त्या कैऱ्यांतली एक फोड खाल्ली. चांगली मुरायला अजून वेळ आहे. गुरुप्रसाद, खुर्ची घे, बस."

गुरुप्रसाद जागचा हलला नाही. "टीचर, मला उभं राहणंच—"

"कालही तू बसला नाहीस. आंब्यात हात घालून तुझे तळवे जाड झाले, त्यांना चिकाचं काही वाटत नाही. पण मांडीची कातडी पातळ असते, रे. ते फडकं तू पॅन्टच्या खिशात कोंबलंस आणि दिवसभर घामात तसंच वागवलंस. सियाच्या हातावर जे आहे ते तुझ्या मांडीवर आहे. मी दाखव म्हणणार नाही. तू नाही म्हण, एवढंच."

गुरुप्रसादनं तोंड उघडलं आणि शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली.

"मुद्दाम नाय केलंय टीचर. देठ मोडताना हात बरबटले. फडको समोर दिसलो, पुसलंय. मागसून ध्यानातच नाय ऱ्हवला. परवा डाग बघलंय तेवा माका कळला, नि फडको खिशात घातलंय."

"समोर दिसलं म्हणतोस. सुट्टीत बायकाही फडकी दोरीवर टाकतात, नळापासून तेवढीच लांब."

"सीताबायच्या फडक्याक हात पुसलंय आसतंय तर तिना माका जित्तो सोडल्यान नसता." तो हे बोलून गेला आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. "ही काय बोलना नाय. म्हणान."

"मुद्दाम चीक लावला नाहीस, हे खरं," टीचर म्हणाल्या. "पण परवा सकाळपासून या मुलीचा हात सगळे शापाचा म्हणत होते, तेव्हा तू तिथेच उभा होतास. ते गप्प राहणं मुद्दामच होतं. तुझी काही हरकत नव्हती ना, गुरुप्रसाद? मीही तेच ऐकलं होतं. म्हणून मला तुझ्याकडे बघायला उशीर झाला."

७

चारुतानं सगळं एकदम उरकायला घेतलं. गुरुप्रसादला हंगाम संपेपर्यंत देखरेखीवरून काढलं आणि क्रेट उचलायला लावलं. मग सियाला ऑफिसात बोलावून ती म्हणाली, "तुझ्यासाठी मागच्या बाजूला वेगळी खोली करते. वेगळा नळ, वेगळा संडास. तुला कोणाचा त्रास नको."

टीचरनी सियाकडे पाहिलं.

सियानं हाताच्या पट्टीची कड सारखी केली. "नको," ती म्हणाली. "वेगळो फडको करून माका काय मिळाला ता बघलास. माका बायकांच्या संडासाक जावचा आसा. कोणी आतसून कडी लावन बसता नये. नि पेट्यो कोणाच्या हातान गेल्यो, ता दादान माका थय सांगूक होया. जय माझ्या हाताचा बोलले थय."

"सगळ्यांसमोर?" चारुता चाचरली. "त्यानं कबूल केलंच आहे की."

"तेना टीचरांका सांगल्यान. माका नाय."

टीचरनी चारुताला एवढंच सांगितलं, "ही तक्रार आहे आणि मी ती ऐकली. आता तू ऐक. कडीचं तू स्वतः बायकांशी बोल, मालकीण म्हणून. माझ्यावर टाकू नकोस. आणि पुरुषांच्या बाजूचं जयरामशी."

गुरुप्रसाद शेडीच्या मधोमध आला. टीचरांकडे बघून बोलायला लागला, तेव्हा टीचरनी बोटानं सियाची दिशा दाखवली. तो वळला. त्याला वेळ लागला. पण शेवटी त्यानं सियाकडे बघून म्हटलं, की पेट्या तिच्या हातानं नाही, आपल्या हातानं गेल्या. आणि आपण गप्प बसलो. सियानं माफ केलं असं म्हटलं नाही. हाताला पट्टी बांधून, रबरी मोजा चढवून ती आपल्या जागी जाऊन बसली आणि फळं निवडायला लागली.

बायका एक एक करून मांडवातून आत आल्या. जागा धरताना थोडी ओढाताण झाली. सियाच्या एका बाजूची जागा कोणी घेईना; शेवटी सर्वांत उशिरा आलेल्या सीतेच्या वाट्याला ती आली. ती बसली, पदर सारखा केला, आणि बराच वेळ दोघींनी मान वर न करता पेट्या भरल्या.

टीचर जायला निघाल्या होत्या, तोच सीतेचा आवाज चढला.

"गो, पेंढो किती घालतंस तो? आंबे झोपयतंस काय? पेटयेक झाकण कसा बसतला?"

शेडीतले सगळे हात थबकले. सिया पुढ्यातल्या पेटीकडे बघत होती. टीचर उंबऱ्यात थांबल्या.

"मावशे, पेंढो बरोबर आसा," सिया म्हणाली. "ती पेटी तुझी आसा. माझी ही."

सीतेनं दोन्ही पेट्यांकडे पाहिलं. कोणीतरी खुदकन हसलं, मग आणखी कोणीतरी.

"बरा बरा," सीता पुटपुटली आणि आपल्या पेटीतला पेंढा उपसायला लागली. "मोठी इली माका शिकवणारी."

"शिकवतलंय," सिया म्हणाली. "आधी ह्यो भरून होवंदेत."